पंच घरचा की बाहेरचा?

जालना जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, भोकरदनच्या परिसरात, केळणा आणि जुई या दोन नद्या एकमेकींना मिळायला येतात. दोन्ही तशा लहानच. उन्हाळ्यात पात्रातून बैलगाडी सहज पलीकडे जाते. या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. वाटेने जाणाऱ्याला कपाशी दिसेल, मका दिसेल, शाळेतून घरी निघालेली पोरे दिसतील. पण २३ सप्टेंबर १८०३ च्या दुपारी येथे काही हजार माणसे पडली, हे कोणी सांगितल्यावाचून कळायचे नाही.

असईची लढाई आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचली आहे. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्याने १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. म्हातारपणी त्याला विचारले, तुमची सर्वांत सरस लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही. असईचे घेतले.

परंतु आज मला तलवारीच्या खणखणाटाविषयी फारसे सांगायचे नाही. मला एक प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. चार बरोबरीच्या धन्यांना मिळून एकच निर्णय घ्यायचा असेल, तर त्यांनी तो आपसांत ठरवावा, की त्यासाठी बाहेरचा एखादा पंच नेमावा?

हा प्रश्न भावकीत पडतो, पाण्याच्या पाळीत पडतो. आणि गंमत अशी की, हल्ली तो संगणकांतही पडतो. बँकेचा हिशेब किंवा रेल्वेचे आरक्षण आता एकाच यंत्रात ठेवीत नाहीत. एक यंत्र बंद पडले तर कारभार थांबू नये म्हणून तीच वही पाच ठिकाणच्या पाच यंत्रांत लिहिलेली असते. मग पाचही वह्यांत एकच मजकूर, एकाच क्रमाने कसा उतरावा? आज मुख्य कारभारी यंत्र कोणते, हे कोणी ठरवावे? याला दोन उपाय आहेत. पहिला असा की, या पाचांच्या बाहेर एक लहानसे पंचमंडळ बसवायचे आणि मुख्य कोण, सभासद कोण, कुलूप कोणाच्या हाती, हे त्याला विचारायचे. याहू कंपनीत तयार झालेली झूकीपर नावाची व्यवस्था अशीच आहे. दुसरा उपाय असा की, पाचांनी आपसांतच मतदान करायचे. तिघांचे एकमत झाले की निर्णय पक्का. काफ्का नावाची एक प्रसिद्ध व्यवस्था पुष्कळ वर्षे झूकीपरच्या पंचाईवर चालत होती. मार्च २०२५ मध्ये निघालेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीने हा बाहेरचा पंच कायमचा काढून टाकला आणि मतदान घरातच आणले.

आता आपण म्हणाल, यात असईचा काय संबंध? पुष्कळ आहे. मराठी राज्य हे १७५० नंतर असेच अनेक धन्यांचे राज्य होते. साताऱ्यास छत्रपती, पुण्यास पेशवे, उज्जैन-ग्वाल्हेरीकडे शिंदे, इंदुरास होळकर, बडोद्यास गायकवाड, नागपुरास भोसले. प्रत्येकाची फौज वेगळी, खजिना वेगळा, रुसवे वेगळे. या सर्वांनी एकाच दिशेला पाऊल टाकावे, हे कोण घडविणार?

एकदा त्यांनी ते आपसांत घडवून दाखविले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. गादीवर हक्क सांगणारे राघोबादादा खुनाच्या संशयात. तेव्हा नाना फडणीस, सखारामबापू बोकील वगैरे मुत्सद्दी एकत्र आले आणि नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर नेऊन त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. हेच ते बारभाईंचे कारस्थान. आज आपण ‘बारभाईंचा कारभार’ म्हणजे गोंधळ असे सरसकट म्हणतो. मला तो त्या माणसांवर अन्याय वाटतो. राज्याला धनी नसताना, पाळण्यातल्या मुलाच्या नावाने, परस्परांचा फारसा विश्वास नसलेल्या माणसांनी राज्य चालविले. इंग्रजांशी युद्ध केले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास त्यांची फौज शरण आणली. भांडणे झाली, पक्ष बदलले, बापू तर शेवटी कैदेत मेले. तरीही राज्य टिकले.

त्याच वेळी राघोबादादांनी दुसरी वाट धरली होती. घरातील तंटा त्यांनी बाहेर नेला. मार्च १७७५ मध्ये सुरतेस त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला: तुम्ही मला गादीवर बसवा, मी तुम्हांला साष्टी आणि वसई देतो. बाहेरचा पंच फुकट येत नाही, हे तेथेच दिसले. तो दाव पुढे फसला आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने प्रकरण मिटले. त्या तहात महादजी शिंदे मध्यस्थ आणि हमीदार होते, म्हणजे पंच निदान घरचा होता.

मग ही घरची व्यवस्था बिघडली कोठे? याचे उत्तर खर्ड्यात आहे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सर्व निशाणांखालचे लोक एकत्र उभे राहिले आणि निजामाला तह करावा लागला. सगळे सरदार एका कामाला जुळल्याचा हा शेवटचा प्रसंग. त्यांना जुळविले नाना फडणीसांनी. प्रत्येक दरबारी त्यांचा वकील, प्रत्येक वकिलाचे पत्र त्यांच्या हाती. पण ही सगळी जुळणी एका माणसाच्या डोक्यात होती, कोणत्याही नियमात नव्हती. बारभाईंची पंचाईत हळूहळू एकट्या नानांची झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. महादजी आदल्याच वर्षी गेले होते. १७९७ मध्ये तुकोजी होळकर गेले आणि १३ मार्च १८०० रोजी स्वतः नाना गेले. पाच-सहा वर्षांत सगळी जुनी माणसे संपली. मुख्य कारभारी गेला तर पुढचा कोण, कोणत्या मताने, किती जणांच्या संमतीने, याचा एक ओळीचाही नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता.

संगणकाच्या लोकांनी नेमका हाच नियम आधी लिहिला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑन्गारो आणि औस्टरहाउट या दोघांनी २०१४ साली राफ्ट नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात मुख्य यंत्र ठराविक काळ गप्प राहिले की बाकीची यंत्रे नवी निवडणूक घेतात. प्रत्येक कारकिर्दीला चढता क्रमांक असतो. जुना मुख्य शुद्धीवर येऊन हुकूम सोडू लागला, तरी त्याच्या हुकमावर जुना क्रमांक पाहून कोणी तो मानीत नाही. आणि ज्याच्यामागे निम्म्याहून अधिक सभासद नाहीत, त्याने लिहिलेले वहीत पक्के होत नाही. साधे नियम आहेत, पण त्यांच्यावाचून काय होते ते पाहा.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. यशवंतरावांच्या मनात आग होती. त्यांचे भाऊ मल्हारराव १७९७ मध्ये शिंद्यांच्या हल्ल्यात मारले गेले होते आणि दुसरे भाऊ विठोजी यांना १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी पुण्यात हत्तीच्या पायाखाली दिले होते. बाजीराव पळाले ते वसईला इंग्रजांच्या आश्रयास गेले. इकडे पुण्यात होळकरांनी अमृतरावांच्या हाती कारभार देऊन त्यांचा मुलगा विनायकराव याला पेशवाईवर बसविण्याचा घाट घातला. म्हणजे एका राज्याला दोन मुख्य झाले. वसईला बसलेल्या पेशव्यामागे त्या क्षणी एकही मोठा सरदार उभा नव्हता. तरी त्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी सही केली आणि ती सही साऱ्या मराठी राज्याची म्हणून धरली गेली.

त्या वसईच्या तहात काय होते? कंपनीच्या किमान सहा हजार पायदळाची कायमची फौज पेशव्यांजवळ राहणार; तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख कंपनीला; निजाम आणि गायकवाड यांच्याशी जे तंटे असतील ते कंपनीच्या लवादाने सुटणार; आणि कंपनीला विचारल्यावाचून पेशव्यांनी दुसऱ्या कोणत्याही राज्याशी बोलणे करावयाचे नाही. बाहेरचा पंच म्हणतात तो हा. १३ मे १८०३ रोजी बाजीराव इंग्रजी संगिनींच्या बंदोबस्तात पुण्याच्या गादीवर परत बसले.

येथे मला जरा थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आपण असे समजाल की बाहेरचा पंच म्हटला की तो वाईटच. तसे नाही. एकमत घडविण्याची कला अवघड आहे, आणि ती ज्याला साधत नाही त्याने सिद्ध झालेल्या पंचाकडे जाणे शहाणपणाचे असते. झूकीपरवर शेकडो कामे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली. शिवाय तो पंचही एकटा नसतो. तीन किंवा पाच यंत्रे आपसांत बहुमत घेऊनच तो निर्णय देतात. म्हणजे एकमत कोठेतरी करावेच लागते; घरात करा नाहीतर दारात. मग काफ्कावाल्यांनी तो काढला का? एका कारभारासाठी दोन व्यवस्था सांभाळाव्या लागत. पंचाच्या वहीत एक आणि घरच्या कारभाऱ्याच्या लक्षात दुसरेच, असे प्रसंग येत. आणि मुख्य बदलला की नव्याला सगळी माहिती पंचाकडून पुन्हा वाचून घेण्यात वेळ जाई. त्या पंचाला स्वतःचा मुलूख नको होता, हे मात्र विसरू नका. कंपनीला तो हवा होता. जो पंच आहे तोच वाटेकरीही आहे, तेथे पंचाईत राहत नाही.

शिंदे-भोसल्यांनी हे ओळखले. त्यांनी बाहेरचा पंच नाकारला, आणि ते बरोबरच होते. पण नाकारल्यावर घरात दुसरी व्यवस्था उभी करावी लागते, ती त्यांच्याजवळ नव्हती. कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीत विचारीत होता, युद्ध की तह? मे १८०३ अखेर दौलतरावांनी उत्तर दिले ते असे की, भोसल्यांची भेट झाल्यावर सांगू. भेट झाली. जून गेला, जुलै गेला. होळकर येतील म्हणून वाट पाहणे चालले. होळकर काही आले नाहीत. ज्याचे भाऊ मारले गेले त्याने कोणत्या विश्वासावर यावे? ३ ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून निघाला आणि युद्ध सुरू झाले. दुसऱ्या बाजूला पाहा: गव्हर्नर जनरलने जून महिन्यातच धाकट्या भावाला, आर्थर वेलस्लीला, दक्षिणेत युद्ध करण्याचे आणि तह करण्याचे पूर्ण अधिकार देऊन ठेवले होते. त्याला दर वेळी कलकत्त्याला विचारण्याची गरज नव्हती. १२ ऑगस्टला त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन याने जालना घेतले.

आता आपण बदनापुरास येऊ. हे गाव आपणांस रेल्वेचे स्टेशन म्हणून ठाऊक आहे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी येथे वेलस्ली आणि स्टीव्हन्सन समोरासमोर भेटले. शत्रू भोकरदनच्या बाजूला आहे, तेव्हा आपण दोन वाटांनी जाऊ, मी पूर्वेकडून, तू पश्चिमेकडून, आणि २४ तारखेला सकाळी मिळून हल्ला करू, असे ठरले.

प्रत्यक्ष भेटून ठरविले, यात फार मोठे मर्म आहे. संगणकशास्त्रात ‘दोन सेनापतींचे कोडे’ म्हणून एक कोडे १९७५ पासून प्रसिद्ध आहे. दोन टेकड्यांवर दोन फौजा, मध्ये शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तर जय, एकट्याने केला तर नाश. निरोप न्यायला जासूद, पण तो वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिला लिहितो, उद्या पहाटे. पत्र पोचले का, हे त्याला कळत नाही, म्हणून दुसरा उलट पोच पाठवितो. पण ती पोच मिळाली का, हे आता दुसऱ्याला कळत नाही! म्हणून पोचेची पोच. गुरुजींनी हा खेळ वर्गात जरूर करून पाहावा. दोन बाकांवर दोन सेनापती बसवावेत, चिठ्ठ्या न्यायला एक मुलगा ठेवावा आणि त्याला सांगावे की मनाला येईल ती चिठ्ठी खिशात घाल. मुलांना लवकरच कळते की कितीही चिठ्ठ्या पाठविल्या तरी खात्री होत नाही. कारण साधे आहे. समजा, अमुक इतक्या चिठ्ठ्या पुरतात. त्यांतली शेवटची हरवू शकते, म्हणजे तिच्याशिवायही भागले पाहिजे. मग तिच्या आधीची शेवटची होते, तिलाही तेच लागू. असे करीत करीत एकही चिठ्ठी उरत नाही.

बदनापूरला ठरलेला बेतही शेवटी मोडलाच. २३ तारखेला वेलस्ली, इंग्रजी कागदांत ज्याला नौलनिया म्हटले आहे, त्या मुक्कामाला पोचला. तेथे त्याला कळले की शत्रू भोकरदनला नसून काही मैलांवर असईजवळच आहे आणि हलण्याच्या बेतात आहे. स्टीव्हन्सनची वाट पाहावी तर शत्रू निसटतो. त्याने एकट्याने जावयाचे ठरविले. पुढे गेल्यावर दिसले की सगळी मराठी फौज केळणेच्या पलीकडे उभी आहे. वाटाडे म्हणाले, येथे नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिले की पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर आहेत. त्याने मनाशी म्हटले, समोरासमोर गावे वसली आहेत तर मधून जाण्यायेण्याची वाट असणारच. खेड्यात राहणाऱ्या कोणालाही सुचेल असाच हा विचार, आणि तो खरा निघाला. फौज तेथून उतरली.

मराठ्यांचे शिस्तबद्ध पायदळ सुमारे दहा हजार होते आणि तोफा शंभराच्या घरात. या पायदळाचा मुख्य पोहलमन हा हनोव्हरचा जर्मन, पूर्वी कंपनीच्याच नोकरीत सार्जंट होता. बेगम समरूची पलटण सालूर नावाच्या युरोपियनाकडे, तिसरी ड्युपाँट या डचाकडे. आणखीही युरोपियन अधिकारी होते. कंपनीने त्या वर्षी जाहीरनामा काढून अशांना नोकरी सोडण्याची लालूच दाखविली आणि काहींनी ती सोडलीही. म्हणजे तह नाकारला तरी लढण्याची कळ बाहेरच्यांच्याच हाती राहिली होती.

तरीही पायदळाने काम चोख केले. शत्रू बाजूने येत आहे हे पाहताच पोहलमनने सारी रांग काटकोनात फिरवून उजवी बाजू केळणेला आणि डावी असई गावाला टेकविली. ही हालचाल इतकी सफाईने झाली की वेलस्लीला आश्चर्य वाटले. गोलंदाज तर मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर फिरविल्या. हजारोंच्या घोडदळाने मात्र त्या दुपारी त्यांच्या मदतीला झडझडून उडी घातली नाही. दोन्ही राजांनी मैदान सोडले. कंपनीची सुमारे १,६०० माणसे मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. वेलस्लीच्या बाजूलाही मराठी घोडेस्वार होते. पेशव्यांकडून बापू गोखले आणि निपाणीकर आप्पा देसाई त्याच्या मोहिमेत सामील होते. हेच बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले.

आणि स्टीव्हन्सन? त्याला तोफांचा आवाज ऐकू आला आणि तो निघालाही; पण वाटाड्याने त्याला आधी भोकरदनकडे नेले. तो असईला पोचला तेव्हा २४ तारखेची संध्याकाळ झाली होती. वाटाड्याने मुद्दाम फसविले असा संशय घेऊन त्याने त्या माणसाला फाशी दिले. बेत मोडला तो सेनापतीने, पण जीव गेला तो या मुलखातल्या वाटा दाखविणाऱ्याचा.

पुढचे थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरात अडगाव झाले, डिसेंबरात गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावला वेगळा तह केला, ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला वेगळा. त्यात अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा मुलूख गेला, जालनाही गेले. हे दोघे शस्त्रे खाली ठेवून बसल्यावर १८०४ मध्ये यशवंतराव होळकर युद्धात उतरले, एकटे. आणि ते इतके चांगले लढले की आदल्या वर्षी तिघे एकत्र असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

चौदा वर्षांनी बाजीरावांनाही पंचाचा कंटाळा आला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांच्या फौजेने खडकीला इंग्रजांवर हल्ला केला. भोसले २६ तारखेला सीताबर्डीच्या टेकडीपाशी लढले, होळकरांची फौज २१ डिसेंबरला महिदपूरला लढली. आणि शिंदे? तिकडे खडकीला तोफा सुरू झाल्या त्याच दिवशी, ५ नोव्हेंबरला, ग्वाल्हेरीस दौलतराव इंग्रजांशी नव्या तहावर सही करीत होते.